न ओरडलेली फाइल

एकदा एका औद्योगिक वसाहतीत एक वृद्ध कारागीर काम करीत असे. सगळे त्याला अप्पा म्हणत. शाळा त्याने सातवीत सोडली होती. रेडिओ दुरुस्त करता करता तो यंत्रांकडे वळला आणि यंत्रे दुरुस्त करता करता प्रोग्राम लिहू लागला. कुणी शिकवले नाही, आणि शिकवायला कुणी येईल याची त्याने वाट पाहिली नाही.

त्या कारखान्यात नवजात बाळांसाठी वॉर्मर तयार होत. अशक्त किंवा दिवस भरण्याआधी जन्मलेले बाळ त्या पाळण्यात ठेवायचे. वरून उष्णता मिळते. बाळाच्या पोटावर एक बारीक सेन्सर चिकटवलेला असतो आणि तो बाळाचे तापमान यंत्राला कळवत राहतो. किती ऊब द्यायची हे ठरवतो तो यंत्राच्या पोटातला कर्नल. कर्नल म्हणजे सगळ्यात तळाचा प्रोग्राम. त्याच्या खाली दुसरा प्रोग्राम नाही. हा कर्नल तीस वर्षांपूर्वी अप्पांनी स्वतःच्या हाताने लिहिला होता.

अप्पांचा एक शिष्य होता. त्याचे नाव हेरंब. इंजिनीअरिंगची पदवी घेऊन आलेला, हुशार, हाताला चपळ. जुनी चिप बाजारातून नाहीशी झाली, तेव्हा शेठने नवी चिप आणली आणि अप्पांनी कर्नल नव्या चिपवर उतरवायचे काम हेरंबवर सोपवले. बाळांच्या नोंदींचा भाग तर त्याने पूर्ण नव्याने लिहिला. तीन महिने तो खपला. काम पुरे झाले. बारा वॉर्मर खोक्यांत बंद झाले. चाचणीच्या कागदावर हेरंबने सही केली. डोंगरापलीकडच्या एका तालुक्याच्या दवाखान्यात दुसऱ्या दिवशी सकाळी बाळांचा नवा कक्ष सुरू व्हायचा होता आणि हे बारा पाळणे तिथे जायचे होते.

ट्रक दारात लागला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते.

अप्पा आत आले. खोक्यांकडे त्यांनी पाहिले नाही. सरळ हेरंबच्या टेबलाशी गेले.

"माझ्यासमोर एकदा बिल्ड कर."

"अप्पा, कालच केलंय. तेच वॉर्मरमध्ये भरलंय."

"काल मी नव्हतो."

हेरंबने बिल्ड सुरू केले. म्हणजे काय, तर माणसाने लिहिलेले कंपायलरच्या हाती दिले. कंपायलर ते यंत्राच्या भाषेत उतरवतो, एकेका फाइलचे तुकडे बनवतो, आणि शेवटी सगळे तुकडे एकमेकांना जोडले जातात. मिनिटभरात काम झाले. पडद्यावर एक ओळ उमटली, काम पूर्ण झाल्याची. बाकी काही नाही.

"कंपायलर काही बोलला नाही?" अप्पांनी विचारले.

"नाही ना! एकही वॉर्निंग नाही." हेरंबच्या आवाजात थोडा अभिमान होता.

"एकही नाही?"

"एकही नाही."

"माझ्या वेळी एक यायची," अप्पा म्हणाले. "तीस वर्षं रोज यायची. ती कुठं गेली?"

 हेरंब काही बोलण्याआधीच अप्पांनी हाताने खूण केली, आणि तो खुर्चीवरून उठला. अप्पा बसले. त्यांनी त्यांची जुनी फाइल उघडली. तिच्यात मेमसेट नावाचे एक फंक्शन होते. फंक्शन म्हणजे एक ठरलेले काम. नावाने बोलावले की ते होते. मेमसेटचे काम साधे. मेमरीतली अमुक जागा घ्यायची आणि ती अमुक आकड्याने भरून टाकायची. शून्याने भरली की जागा कोरी झाली. कर्नलमध्ये पदोपदी याची गरज लागते. अप्पांनी कर्नल लिहायला घेतला तेव्हा पहिल्या दिवशी हेच लिहिले होते.

अप्पांनी ते सगळे निवडले आणि पुसून टाकले.

"अप्पा!" हेरंब ओरडलाच. "अहो, हे काढलंत तर काहीच उभं राहणार नाही!"

"बघू."

तेवढ्यात शेठ दारात आले. कारखान्याचे मालक, अंगाने भारी, मनाने घाबरट. त्यांनी पडद्याकडे पाहिले, हेरंबच्या तोंडाकडे पाहिले.

"काय चाललंय? अप्पा काय पुसतायत?"

"कर्नलचा पाया," हेरंब म्हणाला.

"अप्पा, डोकं ठिकाणावर आहे ना? बाहेर ट्रक उभा आहे!"

"ट्रकला चाकं आहेत, शेठ. तो उभा राहून दमत नाही," अप्पा म्हणाले, आणि हेरंबकडे वळले. "आता बिल्ड कर."

हेरंबने केले. त्याला ठाऊक होते काय होणार ते. तुकडे जोडताना ज्या ज्या फाइलीने मेमसेटला बोलावले असेल, ती ती फाइल ओरडणार, की मी बोलावलेला माणूस जागेवर नाही. ही ओरड कुणाला बंद करता येत नाही. आणि तसेच झाले. पडद्यावर लाल ओळी उतरल्या.

"वाच. मोठ्यानं," अप्पा म्हणाले.

"पडद्याची फाइल. धोक्याच्या घंटीची फाइल. बॅटरीची फाइल. हीटरची फाइल."

"अजून?"

"संपलं. चारच."

"या चारही फाइली कुणी लिहिल्या?"

"तुम्ही."

"तुझ्या नोंदींच्या फाइलीत तू मेमसेटला किती वेळा बोलावलंयस?"

"तीन वेळा."

"मग तुझी फाइल का ओरडली नाही?"

हेरंबने ओळी पुन्हा वाचल्या. वर गेला, खाली आला. त्याच्या फाइलीचे नाव कुठेच नव्हते. ज्याला तीन वेळा हाक मारली तो माणूस घरातून नाहीसा झाला, आणि हाक मारणाऱ्याला पत्ताच नाही. हे कसे होईल? एकाच प्रकारे होईल. हाक कधी बाहेर पडलीच नसेल तर.

तो पडद्यापासून मागे सरला.

"काय झालं?" शेठ विचारू लागले. "अरे, कुणीतरी मला सांगा!"

"हेरंबा," अप्पा म्हणाले, "कंपायलरचं तोंड तू बांधलंस का?"

हेरंबने मान खाली घातली.

"दोनशे चौदा वॉर्निंग येत होत्या, अप्पा. नवीन कंपायलर, त्यात सेन्सरवाल्या कंपनीनं दिलेला कोड. दोनशे तरी त्यांच्याच कोडमधल्या होत्या, निरुपद्रवी. सगळ्या वाचायला गेलो असतो तर महिना लागला असता. म्हणून... सगळ्या बंद केल्या."

"सोड त्याचं तोंड."

हेरंबने वॉर्निंग पुन्हा चालू केल्या आणि फक्त आपली फाइल कंपायलरला दिली. या वेळी कंपायलर बोलला. त्याचे म्हणणे हेरंबने शेठला कळेल अशा भाषेत वाचून दाखवले.

"'मेमसेट नावाचं फंक्शन तुम्ही या फाइलीत जाहीर केलेलं नाही. या नावाचं एक फंक्शन मला आधीपासून ठाऊक आहे. ते धरून मी पुढं चाललो.'"

"मग बरंच आहे की," शेठ म्हणाले. "त्याला येतंय तर करू दे."

"तो कशा क्रमानं करतो, ते विचारा त्याला," अप्पा म्हणाले.

शेठने हेरंबकडे पाहिले. हेरंब आता सगळे समजला होता आणि बोलताना त्याला स्वतःचाच आवाज परका वाटत होता.

"अप्पांच्या मेमसेटला आधी जागा सांगायची, मग किती घरं, म्हणजे मेमरीचे किती कप्पे, भरायचे ते, मग कशानं भरायचे ते. मी तसंच लिहिलं. ही जागा, सोळा घरं, शून्यानं. अप्पांच्या फाइलींत वरती हे जाहीर केलेलं असतं, की आमचं मेमसेट असं आहे. मी माझ्या फाइलीत ती एक ओळ घेतली नाही. विसरलो. आणि कंपायलरला आधीपासून जे मेमसेट पाठ आहे, त्याचा क्रम जगाचा आहे. आधी जागा, मग कशानं, मग किती. त्यानं माझं वाचलं, ते असं. ही जागा, सोळा या आकड्यानं, शून्य घरं भरा."

"शून्य घरं म्हणजे?"

"म्हणजे काहीच करू नका. आणि काहीच करायचं नाही, तर बोलवायचं कशाला, म्हणून त्यानं ते बोलावणंच गाळून टाकलं. तिन्ही ठिकाणी."

 शेठने चाचणीचा कागद उचलला, ज्यावर हेरंबची सही होती.

"पण चाचणी तर सगळी झाली! बारा वॉर्मर, प्रत्येकाच्या दहा दहा चाचण्या. एकही नापास नाही. बघा की!"

 अप्पा उठले. एका खोक्याची चिकटपट्टी त्यांनी नखाने काढली, वॉर्मर बाहेर ओढून घेतला आणि विजेला जोडला. दोन बाटल्या पाण्याने भरल्या. चाचणीत बाळाच्या जागी पाण्याची बाटली ठेवण्याची तिथली रीत होती. एक बाटली कोमट, सदतीस अंशांची. दुसरी नळाच्या पाण्याची, तीस अंशांची. कोमट बाटलीला सेन्सर चिकटवून त्यांनी ती पाळण्यात ठेवली आणि घड्याळ लावून दहा मिनिटे बसले.  पडद्यावर सदतीस दिसू लागले. मग त्यांनी ती बाटली उचलली, गार बाटली ठेवली, सेन्सर तिच्यावर चिकटवला, आणि 'नवीन बाळ' असे लिहिलेले बटण दाबले.

पडद्यावर आकडा दिसला. छत्तीस दशांश सहा.

"चूक दाखवतोय," शेठ म्हणाले. "ही बाटली तर गार आहे."

"कर्नल शेवटच्या सोळा नोंदी धरून, कोऱ्या वगळून, सरासरी काढतो," हेरंब म्हणाला. "दर अर्ध्या मिनिटाला एक. बटण दाबलं की जुन्या नोंदी पुसायच्या, त्यासाठीच मी मेमसेटला बोलावलं होतं. त्या पुसल्याच गेल्या नाहीत. आधीच्या बाळाची ऊब नव्या बाळाच्या नावावर धरली जातेय. आठ मिनिटं लागतील खरा आकडा यायला."

"आणि तोवर हीटर?"

"मंद. त्याला वाटतंय, बाळ उबदार आहे."

शेठने पाळण्यावर हात धरला. वरची उष्णता जेमतेम जाणवत होती. ते बाजूच्या स्टुलावर बसले.

"हे बाळ असतं तर..." ते म्हणाले. 

"चाचणीत कसं नाही आलं हे?" त्यांनी अप्पांकडे वळून विचारले.

"तो नियम माझा," अप्पा म्हणाले. "बाटली बदलण्याआधी प्लग काढायचा. कुणाला शॉक बसू नये म्हणून वीस वर्षांपूर्वी घातला. प्लग काढून पुन्हा लावला की कर्नल चालू होताना आपली सगळी मेमरी स्वतःच पुसतो. म्हणून इथं प्रत्येक बाटलीला पाटी कोरी मिळाली. दवाखान्यात दोन बाळांच्या मधे प्लग कोण काढतो?"

हेरंबचे डोळे भरून आले. त्याने ते शर्टाच्या बाहीला पुसले.

"अप्पा, माझं चुकलं. मी वाचायला हवं होतं."

तेव्हा वृद्ध कारागीर त्याच्याकडे वळून बसले आणि एरवी बोलत नसत इतके बोलले.

"ऐक. कंपायलर विद्वान आहे. शेकडो कामं त्याला पाठ आहेत. आपण त्याला नीट सांगितलं, तर तो आपलं ऐकतो. नाही सांगितलं, तर तो थांबून राहत नाही. त्याला जे ठाऊक आहे ते धरून पुढं जातो. यात त्याचा दोष नाही, सगळेच शिकलेले असंच करतात. पण हा विद्वान प्रामाणिक आहे. पुढं जाण्याआधी तो एकदा सांगतो, की बाबा, तू सांगितलं नाहीस म्हणून मी हे धरलंय, बघून घे. त्या सांगण्याला वॉर्निंग म्हणतात. तू काम त्याच्याकडून करून घेतलंस आणि बोलायला मात्र मनाई केलीस. वरचे प्रोग्राम चुकले तर खाली कर्नल असतो, तो सावरून घेतो. आपल्या खाली कोण आहे? फरशी."

 पुढचे बोलायला त्यांना जड गेले, हे हेरंबला दिसले.

"आणि अर्धी चूक माझी. मी हे लिहिलं तेव्हा माझ्याकडं पुस्तक नव्हतं. क्रम मला सुचला तसा लावला. जगाचा क्रम वेगळा आहे हे दोन वर्षांनी कळलं. कंपायलर मला रोज तेच सांगत होता. तुझं मेमसेट माझ्या मेमसेटशी जुळत नाही म्हणून. ती एक वॉर्निंग मी तीस वर्षं येऊ दिली. वाटायचं, माझं चालतंय ना, मग जगानं बदलावं. हा माज झाला. त्या वॉर्निंगमुळं आज तुझी शांतता मला खटकली, हे खरं. पण माझ्यापाठीमागून येणाऱ्यासाठी मी खड्डा उघडाच ठेवला होता, हेही खरंच."

शेठ तोंड उघडे टाकून ऐकत होते. अप्पांना चूक कबूल करताना त्यांनी कधी पाहिले नव्हते.

"आता काय करायचं?" हेरंबने विचारले.

"पुसलेलं परत आण. त्याचा क्रम जगासारखा कर. माझ्या चार फाइलींत जिथं जिथं बोलावलंय, तिथं तिथं क्रम बदल. तुझ्याही बदल. वर जाहीर करायची ओळ पाचही फाइलींत घाल. आणि यापुढं न सांगता कुणी कुणाला बोलावलं, तर बिल्ड तिथंच थांबलं पाहिजे. तशी सोय आहे कंपायलरमध्ये. ती लाव."

"तुमचं लिहिलेलं मी बदलू?"

"तो शिलालेख नाही. बदल."

शेठ उठले. "किती वेळ लागेल?"

"तीन तास," हेरंब म्हणाला.

शेठने दवाखान्यात फोन लावला. पाळणे दुपारी नाही, रात्री आठपर्यंत पोचतील, असे सांगितले. पलीकडून कुणीतरी चिडून बोलले. शेठने ते सगळे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाले, "ताई, उशिरा येतील. पण बरोबर येतील."

हेरंब कामाला बसला. प्रत्येक बदल करण्याआधी तो मोठ्याने वाचत होता. जागा, कशानं, किती. अप्पा शेजारी बसून हुंकार देत होते. एका ठिकाणी, बॅटरीच्या फाइलीत, हुंकार आला नाही. हेरंब थांबला. पुन्हा वाचले. घाईत त्याने तिथे जुनाच क्रम ठेवला होता. त्याने तो बदलला आणि मग हुंकार आला.

बिल्ड झाले. सेन्सरवाल्यांच्या वॉर्निंग धो धो आल्या. हेरंबने त्या वेगळ्या काढून ठेवल्या, उद्यापासून वाचायच्या म्हणून. स्वतःच्या पाच फाइलींतल्या मात्र एकूण एक तपासल्या. मेमसेटविषयी कंपायलरची आता तक्रार नव्हती.

उघड्या वॉर्मरमध्ये नवा कर्नल भरला. कोमट बाटली ठेवली. दहा मिनिटे. पडद्यावर सदतीस. अप्पांनी प्लगला हात लावू दिला नाही. हेरंबने बाटली बदलली. सेन्सर चिकटवला आणि बटण दाबले.

पडदा क्षणभर कोरा झाला. मग आकडा आला.

तीस.

वरचा हीटर लालबुंद झाला. गार बाटलीवर ऊब उतरू लागली आणि तिघांच्याही तोंडावर ती जाणवली. शेठने दोन्ही हात जोडले, पाळण्यालाच. हेरंब खुर्चीत मागे रेलला आणि त्याने इतका दीर्घ श्वास सोडला की अप्पांनी वळून पाहिले. तीन महिने हा मुलगा नीट श्वास घेत नव्हता, हे त्यांना आत्ता कळले.

"जीव भांड्यात पडला," शेठ म्हणाले. "अप्पा, माझं बीपी वाढवलंत सकाळी. पुसायला लागलात तेव्हा मला वाटलं, म्हातारा गेला कामातून."

"म्हाताऱ्याची गॅरंटी संपलीय, शेठ. पण अजून चालतोय," अप्पा म्हणाले.

मग उरलेले अकरा वॉर्मर. शेठने कोट काढून ठेवला, कटर हातात घेतला आणि स्वतः खोकी उघडू लागले. हेरंब एकेका यंत्रात कर्नल भरत गेला. अप्पा बाटल्या बदलत गेले. कोमट, गार. कोमट, गार. अकरा वेळा तीस आले आणि अकराही वेळा शेठ मोठ्याने "आलं!" असे म्हणाले, जणू प्रत्येक खेपेला येईल की नाही याची खात्री नव्हती. पुन्हा खोकी बंद झाली. हेरंबने जुना कागद फाडला आणि नव्या कागदावर, दोन बाटल्यांची चाचणी झाली असे लिहून सही केली. साडेपाच वाजता ट्रक हलला. घाटाकडे वळेपर्यंत तिघेही रस्त्यात उभे राहिले.

"दवाखाना उशिराचं कारण लेखी मागणार," शेठ खिशातून पेन काढत म्हणाले. "काय लिहू, हेरंब? कंपायलरचा दोष होता, असं लिहून टाकू? त्यांना काय कळतंय?"

हेरंबने एकदा अप्पांकडे पाहिले. अप्पा रस्त्याकडे पाहत होते.

"नको, शेठ. त्यानं वेळेवर सांगितलं होतं. आम्ही ऐकलं नव्हतं. तसंच लिहा."

शेठने लिहिले.  अप्पांनी हेरंबच्या खांद्यावर हात ठेवला आणि कारखान्यात परत जाईपर्यंत तो काढला नाही.

आपल्याकडून जे सांगायचे राहून गेले, तिथे आपल्यासाठी काम करणाऱ्याने काय धरले आहे, हे तो सांगत असेल तेव्हा ऐकावे.